वाचक विचारतात: पहिल्या फेरीची मते दुसऱ्या फेरीत गेली कुठे?

दोन फेऱ्यांच्या निवडणुकांवर मागच्या अंकात छोटे टिपण दिले होते. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर नागपुरातून आलेल्या पत्रांतले प्रश्न आणि आमची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : तुर्कस्तानात २०२३ मध्ये अध्यक्षपदासाठी दुसरी फेरी झाली. नंतर 'तिसऱ्या क्रमांकाच्या ओआन यांची मते इतकी इकडे गेली, इतकी तिकडे' असे आकडे वाचायला मिळाले. मतदान गुप्त असते, मग हे कळते कसे?
— एक वाचक, प्रतापनगर

कळत नाही. तो अंदाज असतो, आणि बरेचदा नुसत्या वजाबाकीचा. वजाबाकी कुठे फसते ते याच निवडणुकीत चांगले दिसते.

१४ मे रोजी सत्तेतले एर्दोगन यांना सुमारे २ कोटी ७१ लाख, विरोधकांचे किलिचदारोग्लू यांना २ कोटी ४६ लाख आणि सिनान ओआन यांना २८ लाख मते पडली. मुहर्रम इंजे यांनी मतदानाच्या तोंडावर माघार घेतली होती, पण नाव मतपत्रिकेवर राहिल्यामुळे त्यांनाही दोन लाखांवर मते मिळाली. २८ मे रोजी एर्दोगन २ कोटी ७८ लाखांवर गेले आणि किलिचदारोग्लू २ कोटी ५५ लाखांवर. म्हणजे एकाची वाढ सात लाखांची, दुसऱ्याची नऊ लाखांची. मग लगेच निष्कर्ष निघतो : ओआन-इंजे यांच्या तीसेक लाखांपैकी सात लाख इकडे आले, नऊ लाख तिकडे गेले आणि उरलेले घरी बसले.

यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली आहे. पहिल्या फेरीत एर्दोगन किंवा किलिचदारोग्लू यांना मत दिलेला एकही माणूस दुसऱ्या फेरीत घरी बसला नाही, फुटला नाही, आणि पहिल्या फेरीला न आलेला कुणी दुसऱ्या फेरीला आला नाही. प्रत्यक्षात मतदान ८७ टक्क्यांवरून ८४ वर घसरले. किलिचदारोग्लू यांचे पाच लाख मतदार घरी बसले आणि ओआन यांचे चौदा लाख त्यांच्याकडे आले, असे समजा. तरी निकालपत्रकात वाढ नऊ लाखांचीच दिसेल. गल्ल्यात रात्री नऊशे रुपये जास्त निघाले, एवढ्यावरून दिवसभरात किती आले आणि किती गेले हे सांगता येत नाही, तसेच हे.

मग खात्रीने काय सांगता येते? फक्त मर्यादा : कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. डंकन आणि डेव्हिस यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही रीत आजही पहिली पायरी आहे. एका मतदान केंद्राच्या यादीत १,००० मतदार आहेत. 'क' या उमेदवाराला पहिल्या फेरीत ६०० मते पडली आणि दुसऱ्या फेरीत 'अ'ला ७०० पडली. 'क'ला मत न दिलेले लोक उरतात ४००. ते सगळेच्या सगळे 'अ'कडे गेले असे धरले, तरी ३०० कमी पडतात. ते 'क'चेच असणार. म्हणजे 'क'च्या मतदारांपैकी किमान निम्मे 'अ'कडे गेले, आणि यात कसलेही गृहीतक नाही. पण 'क'ला ६०० ऐवजी ५० मते असती तर मर्यादा आली असती शून्य ते शंभर टक्के, म्हणजे काहीच कळले नसते. ओआन यांना देशभरात ५.१७ टक्के मते होती. देशाच्या एकूण आकड्यांवरून त्यांच्याबद्दल या रीतीने काही हाती लागत नाही. केंद्रनिहाय आकडेच लागतात.

प्रश्न : सांख्यिकीची विद्यार्थिनी आहे. फ्रान्सच्या २०२२ च्या दोन्ही फेऱ्यांचे केंद्रनिहाय निकाल उतरवून घेतले आणि एक्सेलमध्ये रिग्रेशन (आकड्यांना सर्वांत जवळची रेषा बसवून प्रमाण काढण्याची रीत) चालवले. कडवे उजवे झेमूर यांची, दुसऱ्या फेरीत मॅक्रॉन यांच्यासमोर उभ्या असलेल्या ल पेन यांच्याकडे गेलेली मते शंभर टक्क्यांच्या वर येतात, आणि एका छोट्या उमेदवाराची चक्क ऋण. आकडे दोनदा तपासले. चूक कुठे असेल?
— विद्यापीठ परिसर, अमरावती रोड

आकडे बरोबर असूनही असे होते. तरी आधी साध्या गोष्टी पाहून घ्या.

पहिली गोष्ट छेदाची. टक्केवारी वैध मतांवर काढली असेल तर सगळे पुन्हा करा. छेद यादीतल्या एकूण मतदारांचाच हवा, आणि 'मतदान केले नाही' व 'कोरी किंवा बाद मतपत्रिका' यांना दोन्ही फेऱ्यांत उमेदवारासारखा स्वतंत्र रकाना हवा. फ्रान्समध्ये हे फारच महत्त्वाचे आहे. २०२२ च्या पहिल्या फेरीत कोऱ्या आणि बाद मतपत्रिका मिळून आठ लाखांच्या आत होत्या, दुसऱ्या फेरीत त्या तीस लाखांच्या आसपास गेल्या. मतदान न करणारेही २६.३१ टक्क्यांवरून २८.०१ वर गेले. पहिल्या फेरीत तिसरे आलेले डावे मेलांशाँ यांनी 'ल पेन यांना एकही मत देऊ नका' असे सांगितले होते, मॅक्रॉन यांना द्या असे म्हटले नव्हते. त्यांचे मतदार या दोन रकान्यांत मोठ्या संख्येने असणार, आणि वैध मतांचा छेद घेतला की नेमके तेच हिशेबातून गळतात.

दुसरी गोष्ट ओळींची, म्हणजे तक्त्यातल्या पहिल्या फेरीच्या गटांची. बारा उमेदवार आणि वरचे दोन गट धरून चौदा ओळी होतात. एवढ्या ठेवल्या तर एक-दीड टक्क्याच्या उमेदवारांचे आकडे कुठेही भरकटतात, तुमचे ऋण उत्तर बहुधा तिथलेच. पण एकत्र करताना नुसता आकार बघू नका, कल बघा. उजवे द्युपाँ-एन्याँ यांना झेमूर यांच्यासोबत टाकता येईल. त्यांना डाव्या इदाल्गो यांच्यासोबत टाकले तर दोन विरुद्ध दिशांचे मतदार एका ओळीत येतात आणि त्या ओळीच्या सरासरीला काही अर्थ राहत नाही. आम्ही नऊ ओळी ठेवू : मॅक्रॉन, ल पेन, मेलांशाँ, झेमूर व द्युपाँ-एन्याँ, पेक्रेस, उरलेले डावे व हरित, लासाल, कोरी-बाद, गैरहजर. दुसऱ्या फेरीचे रकाने चार : मॅक्रॉन, ल पेन, कोरी-बाद, गैरहजर. एकूण ३६ अज्ञात.

रिग्रेशनमध्ये स्थिरांक शून्य ठेवा, कारण नऊ ओळींची बेरीज तशीही १ होते. प्रत्येक केंद्राला मतदारसंख्येचे वजन द्या, नाहीतर साठ मतदारांचे खेडे आणि बाराशेचे शहरी केंद्र एकाच मापाने तोलले जातात.

एवढे करूनही शंभरच्या वर आकडा आला तर दोष रीतीच्याच मुळाशी आहे. गुडमन यांची ही रीतही १९५३ चीच. ती असे धरून चालते की 'क'चे मतदार 'अ'कडे वळण्याचे प्रमाण सगळ्या केंद्रांत सारखे आहे, किंवा निदान त्या प्रमाणाचा 'क'च्या ताकदीशी संबंध नाही. हे मोडले की काय होते ते कागदावर करून पाहा. सारख्या आकाराची तीन केंद्रे घ्या. 'क'ला तिथे १०, २० आणि ३० टक्के मते. 'क'चे मतदार 'अ'कडे वळण्याचे खरे प्रमाण अनुक्रमे २०, ४० आणि ६० टक्के. बाकी सगळ्यांपैकी निम्मे 'अ'ला देतात. मग 'अ'ला मिळतात ४७, ४८ आणि ५३ टक्के. यातून सरळ रेषा काढा : चढ ०.३०, आरंभ ('क'ची मते शून्य असता 'अ'चे प्रमाण) ०.४३३. दोन्ही मिळवले की रीत सांगते, 'क'चे ७३ टक्के मतदार 'अ'कडे गेले. 'क'च्या मतांच्या वजनाने काढलेली खरी सरासरी आहे ४७. तिन्हींपैकी एकाही केंद्रात प्रमाण साठाच्या वर नाही, तरी उत्तर ७३! आता खरे प्रमाण ५, ४५, ८५ असे जास्त चढते घ्या. उत्तर येते ११२ टक्के. तुमच्या झेमूर यांचे बहुधा हेच झाले आहे : जिथे ते बळकट, तिथे त्यांचा मतदार ल पेन यांच्याकडे जास्त ठामपणे गेला असावा.

यातली खरी धोक्याची गोष्ट ११२ ही नाही. तो आकडा निदान ओरडून सांगतो की काहीतरी बिघडले आहे. ७३ गप्प बसतो, आणि तोच छापून येतो.

उपाय म्हणजे आधी तुकडे करा. वळण्याचे प्रमाण जिथे सारखे असण्याची शक्यता आहे अशा गटांत केंद्रे वाटा, प्रत्येक गटात वेगळे रिग्रेशन चालवा आणि मग मतांच्या वजनाने बेरीज करा. फ्रान्समध्ये पहिला तुकडा समुद्रापलीकडच्या प्रदेशांचा पाडा. ग्वाडलूपमध्ये पहिल्या फेरीत मेलांशाँ यांना निम्म्याहून जास्त मते होती, आणि दुसऱ्या फेरीत तिथेच ल पेन यांना जवळजवळ ७० टक्के मिळाली. मार्टिनिकमध्येही हाच प्रकार. ही केंद्रे मुख्य भूमीच्या केंद्रांत मिसळली तर मेलांशाँ यांची अख्खी ओळ ल पेन यांच्या बाजूला ओढली जाते. त्यानंतर मुख्य भूमीचे तुकडे करा : जिल्हानिहाय, किंवा मोठे शहर, उपनगर आणि ग्रामीण असे.

मग उत्तरांना ० ते १ ची चौकट घाला, प्रत्येक ओळीची बेरीज १ ठेवा आणि अंदाज व खरे आकडे यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करा. एक्सेलच्या सॉल्व्हरला (सर्वांत चांगले उत्तर शोधणाऱ्या सोयीला) २०० अज्ञातांपर्यंत चालते, तुमचे ३६ सहज बसतात. मात्र एखादे उत्तर नेमके ० किंवा १ वर जाऊन चिकटले तर आनंद मानू नका. चौकट नसती तर ते बाहेर पडले असते एवढाच त्याचा अर्थ. 'आर' ही सांख्यिकीची संगणकभाषा येत असेल तर पुढची पायरी म्हणजे किंग यांची १९९७ ची रीत, जी वरच्या मर्यादा आणि रिग्रेशन एकत्र आणते. अनेक ओळी-रकान्यांसाठी तिचा २००१ मधला विस्तार 'ईआय-पॅक' या पॅकेजात तयार मिळतो. पण गटच चुकीचे पाडले असतील तर महागडी रीतही तीच चूक करते, फक्त जास्त सफाईने.

शेवटी तीन तपासण्या. प्रत्येक ओळीची पहिल्या फेरीची मते गुणिले वळण्याचे प्रमाण, यांची बेरीज दुसऱ्या फेरीच्या खऱ्या आकड्यांशी जुळते का? मॅक्रॉन ते मॅक्रॉन आणि ल पेन ते ल पेन ही प्रमाणे नव्वदीच्या आसपास किंवा वर येतात का? ती सत्तरीत आली तर बाकी तक्ता वाचूच नका. तिसरी तपासणी : जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडा, एकच जिल्हा पुन्हा आला तरी चालेल, आणि अशा दोन-तीनशे निवडींवर तोच हिशेब चालवा. उत्तर जेवढे हलते ती तुमची खरी अनिश्चितता. एक्सेल छापतो ती त्रुटी नेहमीच फाजील छोटी असते, कारण शेजारची केंद्रे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

प्रश्न : मी कार्यकर्ता आहे. आमच्याकडे जो तो सांगून राहिला की लोकसभेला काँग्रेसला पडलेली मते विधानसभेला भाजपकडे वळली. लोकसभा एप्रिल २०२४ ला, विधानसभा नोव्हेंबरला. फॉर्म २० (बूथवार मतांचे निकालपत्रक) दोन्हीचे मिळाले. बूथवार वजाबाकी करून सांगता येईल का?
— महाल

वजाबाकी करून नाही, ते वर पाहिलेच. पण वरचीच रीत इथे चालेल, दोन फेऱ्यांत दोन आठवड्यांऐवजी सात महिने आहेत हे लक्षात ठेवून.

सर्वांत मोठा गट आधी ओळखा. नागपूर लोकसभेच्या यादीत बावीस लाखांवर मतदार होते आणि मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास झाले. गडकरी यांना ६.५५ लाख, विकास ठाकरे यांना ५.१७ लाख, आणि घरी बसलेले दहा लाखांच्या घरात. एखाद्या बूथवर लोकसभेला काँग्रेसला ३०० मते होती, विधानसभेला २५० झाली आणि भाजपची ५० ने वाढली, तर ती पन्नास माणसे तीच असतील असे नाही. काँग्रेसची पन्नास घरी बसली आणि एप्रिलच्या उन्हात न आलेली भाजपची पन्नास नोव्हेंबरात आली, हेही तितकेच शक्य आहे. म्हणून फॉर्म २० एकटा पुरत नाही. त्यात उमेदवारनिहाय मते आणि नोटा असतो, यादीतल्या मतदारांची बूथवार संख्या नसते. ती केंद्रनिहाय मतदारसंख्येच्या तक्त्यातून वेगळी घ्यावी लागते.

मग बूथ जुळवणे. वेळ इथेच जातो. क्रमांकावर विसंबू नका. सहायक केंद्र निघाले की पुढचे क्रमांक सरकतात, आणि 'शाळा, खोली क्रमांक २' ची खोली क्रमांक ३ होते. यादी भागाचे नाव आणि त्यात आलेल्या वस्त्या वाचून जुळवा. विधानसभेआधी याद्यांत नवी नावेही चढली. ज्या बूथची मतदारसंख्या पाच टक्क्यांहून जास्त बदलली तो बाजूला ठेवा, किंवा ज्या शेजारच्या बूथमधून तो फुटला त्याच्याशी जोडून दोन्ही निवडणुकांसाठी एकच धरा. टपाली मते फॉर्मच्या तळाशी एकगठ्ठा असतात, बूथवर वाटलेली नसतात, ती सोडून द्या. पत्रक स्कॅन केलेले असेल तर आकडे टंकून झाल्यावर प्रत्येक ओळीची आडवी आणि प्रत्येक उमेदवाराची उभी बेरीज छापील बेरजेशी लावा. ३ चा ८ झालेला तिथेच सापडतो.

तक्ता शहराचा एक करू नका, सहा करा. पश्चिम नागपुरात लोकसभेचे उमेदवार विकास ठाकरे स्वतःच विधानसभेला उभे होते. पूर्व नागपुरात आघाडीची जागा शरद पवार यांच्या राष्ट्रवादीकडे होती, म्हणजे काँग्रेसची ओळ आहे पण काँग्रेसचा रकानाच नाही. लोकसभेला वंचित बहुजन आघाडीने नागपुरात काँग्रेसला पाठिंबा दिला होता, विधानसभेला ती स्वतंत्र लढली. उत्तर नागपुरात बसपचीही ओळ वेगळी ठेवावी लागेल, दक्षिण-पश्चिममध्ये ती कदाचित 'इतर'मध्ये जाईल. सगळीकडे एकच प्रमाण धरणे म्हणजे ग्वाडलूप आणि पॅरिस एकत्र करणे.

एका विधानसभेत तीनशेच्या आसपास बूथ असतात. पाच ओळी आणि चार-पाच रकान्यांसाठी ते पुरतात, पण एक अडचण राहते. दोन पक्षांची मते एकाच प्रकारच्या वस्त्यांत सोबत वाढत-घटत असतील तर त्या दोन ओळी रीतीला वेगळ्या दिसत नाहीत. एकीचे प्रमाण फुगते, दुसरीचे तेवढेच खाली जाते. त्यांचा परस्परसंबंध ०.८ च्या वर असेल तर दोघांची मिळून एकच ओळ सांगा.

आणि बैठकीत मांडताना 'काँग्रेसचे अमुक टक्के मतदार फुटले' असे एका आकड्यात बोलू नका. 'पाच ते पंधरा टक्के' असे म्हणता आले तरी पुष्कळ झाले. बूथवार यादी तर काढूच नका. एकेका बूथचे उत्तर शहराच्या सरासरीवरून ओढून आणलेले असते, आणि त्यावरून कुण्या मोहल्ल्याने दगा दिला हे ठरवायला लागलात तर निष्कारण भांडणे लागतील.

प्रश्न : पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीत तर दुसऱ्या पसंतीची मते कुणाकडून कुणाकडे गेली हे जाहीरच होते. तिथे अंदाज लागत नाही ना?
— एक पदवीधर मतदार, धरमपेठ

नाही. तिथे मतदार आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहितो आणि वळण मतपत्रिकेवरच नोंदले जाते. बाद झालेल्या उमेदवाराचा गठ्ठा उघडून पुढची पसंती मोजतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. तिथे प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते. पहिल्या पसंतीची मतमूल्ये अशी होती : गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारे मूल्य, होता ४,१८,१६९. देशमुखांसह बाकी सगळे बाद झाल्यावर त्यांच्याकडच्या मूल्यांपैकी रेड्डींना ९१,८७९ गेली आणि गिरींना १८,५६२. उरलेल्या मतपत्रिकांवर पुढची उपयोगी पसंतीच नव्हती. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ वर जाऊन निवडून आले. रिग्रेशनवाल्यांना असा चोख तक्ता कधीच मिळत नाही.

पण याही तक्त्याला एक बाजू नाही. शेवटपर्यंत टिकलेल्या दोघांच्या मतदारांची दुसरी पसंती काय होती, हे उघडले जातच नाही. गिरींच्या मतदारांना देशमुख चालले असते का, हे त्या मोजणीतून कळत नाही.

प्रश्न : एवढा खटाटोप कशाला? लोकांनाच विचारावे, पहिल्या फेरीत कुणाला दिले आणि दुसऱ्या फेरीत कुणाला.
— सक्करदरा

विचारतातच. दोन अडचणी आहेत. १,००० मतदारांच्या पाहणीत ओआन यांचे ५० च्या आसपास सापडतील, आणि पन्नासांवरून काढलेल्या प्रमाणाला वर-खाली १४ टक्क्यांची सूट द्यावी लागते. 'निम्मे एर्दोगनकडे' याचा अर्थ ३६ ते ६४ यांतले काहीही. दुसरी अडचण अशी की निकालानंतर विचारले तर जिंकलेल्याला मत दिले म्हणणारे वाढतात आणि घरी बसलो म्हणणारे घटतात. पहिल्या फेरीनंतर लगेच ज्यांना विचारले त्याच माणसांना दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा गाठले तर दुसरी अडचण बरीच कमी होते, पहिली तशीच राहते.

आमचा कल दोन्ही वापरण्याकडे आहे. पाहणीतून फक्त 'मोठ्या उमेदवारांचे मतदार त्यांच्याकडेच किती टिकले' एवढे प्रमाण घ्या, कारण तिथे माणसे भरपूर सापडतात. ते केंद्रनिहाय हिशेबात चौकट म्हणून घाला आणि छोट्या उमेदवारांच्या ओळी केंद्रांच्या आकड्यांतून काढा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आधी गैरहजरांचा रकाना तपासा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.